परदेशी मदतीने आपल्या कचेऱ्या सुधारतात का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महसूल खात्यात मी लिपिक म्हणून लागले आणि नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले. आता दर शनिवारी संध्याकाळी ठाण्यात नौपाड्यातल्या एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षेची मुलं-मुली भोवती बसतात. जागतिक बँक, परदेशी मदत, प्रशासकीय सुधारणा हा विषय निघाला की तेच तेच प्रश्न येतात, आणि इमारतीच्या गच्चीवर ज्येष्ठ मंडळी बसतात तिथेही तेच. म्हणून उत्तरं एकदा लिहून ठेवते आहे. यात माझी मतंही आहेत, ती लपवलेली नाहीत.

मॅडम, परदेशी मदत म्हणजे कोणी फुकट पैसे देतं का?

आपल्याला तरी आता जवळजवळ नाही. अनुदान वेगळं, ते परत करायचं नसतं. सवलतीचं कर्ज वेगळं, त्यात व्याज कमी आणि मुदत लांब असते. आणि जागतिक बँक भारताला आज जे देते ते बऱ्यापैकी साधं कर्ज आहे. बाजारापेक्षा स्वस्त, पण फेडावं लागणारं. गरीब देशांसाठी बँकेची जी वेगळी खिडकी आहे, आयडीए, तिच्या यादीतून भारत २०१४ मध्ये बाहेर पडला. संक्रमणकाळ म्हणून पुढे तीन वर्षं थोडं साहाय्य चालू राहिलं, इतकंच.

त्याआधीच, २००३ मध्ये, केंद्र सरकारने ठरवलं की छोट्या छोट्या देशांकडून सरकारी मदत घ्यायची नाही. जपान, ब्रिटन, जर्मनी, अमेरिका, रशिया आणि युरोपीय संघ एवढेच ठेवले. त्यामुळे "परदेशी मदत" म्हटल्यावर दारात पोती उतरवणाऱ्या जहाजाचं चित्र डोळ्यांपुढे येत असेल तर ते पुसून टाका. ते १९६० च्या दशकातलं आहे.

तिसरा प्रकार तांत्रिक साहाय्याचा, म्हणजे पैशाऐवजी माणसं, प्रशिक्षण, सल्ला. कचेऱ्यांच्या सुधारणेत याचाच वाटा मोठा असतो आणि वादही याच्याभोवतीच जास्त होतात.

ठाणे-नवी मुंबईत यातलं काय दिसतं?

पूल दिसतो. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला, त्यात जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आहे. लोकलच्या मार्गिका वाढवणाऱ्या एमयूटीपी प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्याला २००२ पासून जागतिक बँकेचं कर्ज होतं. ठाण्याहून रोज गाडी पकडणाऱ्या माणसाने त्याचा उपयोग केलेला आहे, त्याला ते माहीत असो वा नसो.

पण माणसं आणि कामाची पद्धत सुधारण्यासाठी आलेला पैसा असा दिसत नाही. त्याचं उद्घाटन होत नाही. बेलापूरच्या कोकण भवनात एखादा अर्ज आठ दिवस लवकर निघाला तर त्याची फीत कोण कापणार?

महाराष्ट्रापुरतं अलीकडचं उदाहरण म्हणजे महास्ट्राईड. जिल्ह्यांची नियोजन करण्याची, आकडेवारी वापरण्याची, सेवा देण्याची ताकद वाढावी म्हणून जागतिक बँकेने डिसेंबर २०२४ मध्ये सुमारे १८ कोटी ८० लाख डॉलरचं कर्ज मंजूर केलं. भर मागे पडलेल्या जिल्ह्यांवर आहे. परीक्षेच्या दृष्टीने हे नाव लक्षात ठेवा.

जागतिक बँक थेट महाराष्ट्राला कर्ज देते का? आणि फेडतं कोण?

राज्याला परदेशातून थेट कर्ज घेता येत नाही. संविधानाचं कलम २९३ वाचा: राज्याने कर्ज घ्यायचं ते भारताच्या हद्दीतच. परदेशी कर्जाचा करार केंद्र सरकार करतं, वाटाघाटी अर्थ मंत्रालयाचा आर्थिक व्यवहार विभाग बघतो, आणि पैसा केंद्राकडून राज्याकडे येतो.

इथे एक बदल फार महत्त्वाचा आहे आणि मुलं तो नेमका विसरतात. २००५ च्या आधी बहुतेक राज्यांना अशा पैशातले ७० टक्के कर्ज आणि ३० टक्के अनुदान म्हणून मिळत. बाराव्या वित्त आयोगानंतर ही पद्धत बदलली. आता परदेशी संस्थेच्या ज्या अटी, त्याच अटींवर पैसा राज्याकडे उतरतो. म्हणजे व्याज कमी लागतं, पण रुपया घसरला की त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर. हप्ता आपणच भरणार आहोत, मुरबाडचा शेतकरी आणि वाशीचा दुकानदार धरून. म्हणून "परदेशी पैसा आहे, गेला तर गेला" असं कोणी म्हणालं की मला राग येतो.

स्वयंसेवी संस्थांना येणारा पैसा हाच का?

नाही. तो परदेशी देणग्यांवर नियंत्रण ठेवणाऱ्या एफसीआरए कायद्याखाली येतो. त्याचा या विषयाशी संबंध नाही.

मिशन कर्मयोगीमध्ये परदेशी पैसा आहे हे खरं का?

खरं आहे, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाने २ सप्टेंबर २०२० रोजी सरकारी कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाची ही योजना मंजूर केली. पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपये, सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी. त्यातले पाच कोटी डॉलरच्या आसपास बहुराष्ट्रीय संस्थांकडून घ्यायचे हे तेव्हाच जाहीर झालं होतं. पुढे जून २०२२ मध्ये जागतिक बँकेने ४ कोटी ७० लाख डॉलर मंजूर केले.

आता जरा पेन घ्या. ५१०.८६ कोटींना ४६ लाखांनी भागा. माणशी साधारण अकराशे रुपये येतात. तेही पाच वर्षांचे, म्हणजे वर्षाला दोनशे वीस. एवढ्यात कोणाला दिल्लीला नेऊन आठवडाभर वर्ग घेता येत नाही. म्हणूनच सगळा भर आयगॉट या ऑनलाइन व्यासपीठावर आहे: मोबाइलवर धडा उघडायचा, चाचणी द्यायची, प्रमाणपत्र घ्यायचं. योजनेचा मूळ विचार मला पटतो. कर्मचारी नियम पाठ करणारा न राहता त्याची नेमणूक ज्या कामावर आहे त्या कामात तरबेज व्हावा. पण प्रमाणपत्रांची संख्या वाढली म्हणजे काम सुधारलं असं नाही. खिडकीवर बसलेल्या मुलीने धडा पूर्ण केला की नाही हे अर्जदाराला कळत नाही. तिने अर्ज नीट वाचला का, एवढंच त्याला कळतं.

हे सगळं १९९१ नंतर सुरू झालं ना?

नाही. स्वातंत्र्य मिळून सहा वर्षंही झाली नव्हती तेव्हा पॉल ॲपलबी हे अमेरिकी प्रशासनतज्ज्ञ फोर्ड फाउंडेशनच्या साहाय्याने भारतात आले. १९५३ मध्ये त्यांनी भारतीय प्रशासनावर अहवाल दिला. त्यातून दिल्लीत भारतीय लोकप्रशासन संस्था उभी राहिली आणि १९५४ मध्ये केंद्रात संघटन व पद्धती विभाग, ज्याला कचेरीत आजही ओ अँड एम म्हणतात, तो सुरू झाला. फाइल किती टेबलांवरून फिरते हे मोजायला आपण तेव्हा लागलो.

पुढचं बरंचसं काम आपल्याच आयोगांनी केलं. पहिला प्रशासकीय सुधारणा आयोग १९६६ चा, दुसरा २००५ चा, वीरप्पा मोईली यांच्या अध्यक्षतेखाली. दुसऱ्याने पंधरा अहवाल दिले. ते परदेशी सल्लागाराच्या कोणत्याही सादरीकरणापेक्षा वाचनीय आहेत. मी मुलांना चौथा, म्हणजे प्रशासनातील नीतिमत्तेवरचा, आधी वाचायला सांगते.

कर्ज घेतलं की भरती बंद करण्याची अट येते का? आम्ही अभ्यास करायचा की नाही?

बेलापूरला एमपीएससीचं कार्यालय पाहून परतताना एका मुलाने मला लोकलमध्ये हा प्रश्न विचारला होता. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी मला आजही आठवते. त्यामुळे याचं उत्तर जपून देते.

भीती निराधार नाही. १९८० आणि १९९० च्या दशकांत आफ्रिकेतल्या अनेक देशांना कर्ज देताना नोकरकपात हीच सुधारणा मानली गेली. युगांडाने १९९० नंतर काही वर्षांतच सरकारी नोकरांची संख्या जवळजवळ निम्म्यावर आणली. त्यात बोगस नावं मोठ्या प्रमाणात निघाली, ती निघायलाच हवी होती. पण एकूण आफ्रिकेचा अनुभव असा की माणसं कमी झाली, काम सुधारलं नाही. बरेचदा ज्यांना बाहेर नोकरी मिळू शकत होती तेच आधी गेले. पुढे देणाऱ्या संस्थांनीही ही वाट बरीचशी सोडली.

आज आपल्याकडच्या कर्जांची रचना वेगळी आहे. २०१२ पासून जागतिक बँकेकडे निकालांवर आधारित कर्जाचा प्रकार आहे. आधी ठरलेले निकाल दिसायला हवेत, त्यांची शहानिशा व्हायला हवी, मग पैसा सुटतो. जागा भरायच्या की नाही हे राज्याचं वित्त खातं ठरवतं. भरती अडली की बहुतेक वेळा कारण मंत्रालयातच सापडतं, वॉशिंग्टनपर्यंत जावं लागत नाही. अभ्यास करा.

या पैशातून कर्मचाऱ्यांचे पगार होतात का?

आपल्याकडे नियमित पगार होत नाहीत. प्रकल्पापुरते कंत्राटी तज्ज्ञ नेमले जातात, त्यांचं मानधन होतं.

ज्या देशांत पगारच बाहेरच्या पैशातून झाले, तिथे काय झालं ते बघा. अफगाणिस्तानात २००१ नंतर देणगीदारांच्या पैशावर एक दुसरीच नोकरशाही उभी राहिली. मंत्रालयात शेजारी शेजारी दोघं बसत. एक सरकारी पगाराचा, दुसरा प्रकल्पाच्या पगाराचा, कित्येक पटींनी जास्त घेणारा. हुशार तरुण साहजिकच दुसऱ्या खुर्चीकडे गेले. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल पडलं, मदतीचा ओघ तुटला आणि त्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शिक्षिका, कारकून, आरोग्यसेविका यांचे पगार महिनोन् महिने थकले. मी स्वतः पगारपत्रकं केलेली आहेत. महिन्याच्या शेवटी बिल कोषागारातून परत आलं की कचेरीत कशी शांतता पसरते ते मला ठाऊक आहे. एका अख्ख्या देशाचं ते चित्र मला बघवलं नाही.

मग हे फसतं नेमकं कुठे?

जागतिक बँकेच्या स्वतंत्र मूल्यमापन विभागाने २००८ मध्ये स्वतःच्याच कर्जांचा हिशेब मांडला. अर्थसंकल्प, लेखे, करवसुली यांतल्या सुधारणा बऱ्यापैकी साधल्या होत्या. सर्वांत कमकुवत निकाल होते ते नोकरशाहीच्या सुधारणेचे: भरती, बढती, पगार, शिस्त. मला याचं आश्चर्य वाटत नाही. हिशेबाची नवी पद्धत संगणकात बसवता येते. बदली कोणाच्या शब्दावर होते, हे संगणक ठरवत नाही.

माझा एक अनुभव सांगते. कचेरीचं नाव घेत नाही. एका प्रकल्पातून आम्हाला सहा संगणक आले. खोकी आली, पोचपावतीवर सही झाली, जडसंग्रह नोंदवहीत, म्हणजे कचेरीच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत, नोंद झाली. ज्या खोलीत ते बसवायचे तिथे विजेचा एकच बोर्ड होता आणि त्यावर पंखा चालायचा. बोर्ड वाढवायला बांधकाम खात्याला पत्र गेलं, अंदाजपत्रक आलं, त्या खर्चाला लेखाशीर्ष, म्हणजे हिशेबातलं खातं, मिळेना. प्रकल्पात संगणकाला पैसे होते, प्लगला नव्हते. खोकी तशीच राहिली. पावसाळ्यात खालच्या दोन खोक्यांना ओल लागली. मी आणि आमच्या शिपाईबाईंनी ती टेबलावर उचलून ठेवली, त्यांच्या साडीचा पदर खोक्यावरची धूळ पुसून काळा झाला होता. पुढे पाहणीला पथक आलं. नोंदवहीत सहा संगणक, खोलीत सहा संगणक. शेरा "उद्दिष्ट पूर्ण" असाच पडला.

चूक कोणा एकाची नव्हती. आराखडा करताना त्या खोलीत कोणी येऊन उभंच राहिलं नव्हतं.

सल्लागार कंपन्याच पैसा खातात, असं म्हणतात.

"खातात" हा शब्द मी वापरणार नाही. तांत्रिक साहाय्यातला मोठा हिस्सा सल्लागारांच्या फीमध्ये जातो हे मात्र खरं. चांगला सल्लागार मी पाहिला आहे. तो दोन दिवस माझ्या टेबलाजवळ स्टूल घेऊन बसला आणि एक अर्ज किती हातांतून जातो ते नुसतं लिहीत राहिला. वाईटही पाहिले आहेत. त्यांच्या अहवालात राज्याचं नाव बदललं तरी काही बिघडलं नसतं.

परदेशी मदतीचं एखादं चांगलं उदाहरण?

पुन्हा युगांडाच. १९९० च्या दशकात तिथे एक पाहणी झाली: शाळांसाठी राजधानीतून निघालेला पैसा शाळेपर्यंत किती पोचतो? १९९१ ते १९९५ या काळात सरासरी फक्त १३ टक्के पोचत होता. हा आकडा बाहेर आल्यावर सरकारने जिल्ह्यांना किती रक्कम पाठवली ते वर्तमानपत्रांत छापायला आणि शाळांच्या दारावर लावायला सुरुवात केली. काही वर्षांत पोचणारा हिस्सा ८० टक्क्यांच्या वर गेला. श्रेय एकट्या वर्तमानपत्राचं नाही, इतरही बदल झाले. पण बाहेरच्या संस्थेने इथे काय केलं ते नीट बघा. तिने मोजून दाखवलं. दारावर कागद लावायचं काम तिथल्याच लोकांनी केलं.

आपल्याकडे हैदराबादचं सेंटर फॉर गुड गव्हर्नन्स आहे. २००१ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने ते ब्रिटनच्या डीएफआयडी या परदेशी मदत खात्याच्या साहाय्याने उभारलं. ब्रिटनने भारताला रोख अनुदान २०१५ पर्यंत संपवायचं असं २०१२ मध्ये जाहीर केलं. डीएफआयडी हे खातंही २०२० मध्ये विलीन झालं. आंध्रचं विभाजन झालं. संस्था मात्र चालू आहे.

महाराष्ट्रात परदेशी मदतीशिवाय काही सुधारलं का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे.

१९८० च्या दशकात अनिलकुमार लखिना अहमदनगरचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कचेरीची मांडणी, दप्तर, कामाची वाटणी सगळं नव्याने लावलं, आणि "लखिना पॅटर्न" हा शब्द राज्यभर गेला. महसूल खात्यात माझ्या पिढीचं शिक्षण त्यावरच झालं. त्यातली सहा गठ्ठे पद्धत तर आमच्या हातात बसलेली आहे. टेबलावरचे सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लावायचे: प्रलंबित प्रकरणांचा एक, दुसऱ्या कचेरीच्या उत्तराची वाट पाहणाऱ्यांचा दुसरा, नियतकालिक विवरणपत्रांचा तिसरा, स्थायी आदेशांचा चौथा, अभिलेख कक्षात जाणाऱ्यांचा पाचवा आणि नाश करायच्या कागदांचा सहावा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण ज्या दिवशी मी पहिल्यांदा माझं कपाट असं लावलं, त्या दिवशी तळाशी एका म्हाताऱ्या बाईंचा वारस नोंदीचा अर्ज सापडला. चौदा महिने जुना होता. कोणी मुद्दाम दाबला नव्हता, तो नुसताच दुसऱ्या एका फाइलच्या पोटात गेला होता. त्यांच्या गावच्या तलाठ्याला मी त्याच संध्याकाळी निरोप धाडला.

पुढे २०१७ च्या सुमारास पुणे विभागाचे आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी याच वाटेने "झिरो पेंडन्सी", म्हणजे एकही काम प्रलंबित न ठेवण्याची, मोहीम चालवली, ती राज्यभर घेतली गेली. २०२५ च्या सुरुवातीला १०० दिवसांची कार्यालयीन सुधारणा मोहीम झाली, तिचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेने केलं. कायदेही आपलेच आहेत. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५ चा कायदा सांगतो की कोणत्याही कर्मचाऱ्याकडे फाइल सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहता कामा नये. त्यामागे अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा रेटा होता. यात कोणा परदेशी संस्थेची अट नव्हती. राळेगणसिद्धीची होती.

अमेरिकेने मदत बंद केली, त्याचा आपल्यावर परिणाम?

युसेड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेने जुलै २०२५ पासून परदेशी मदतीचं काम थांबवलं आणि उरलेलं परराष्ट्र खात्याकडे गेलं. आपल्या कचेऱ्यांवर परिणाम नगण्य. आफ्रिकेतल्या देशांना मोठा फटका बसला.

भारत इतर देशांना अशी मदत देतो का?

देतो, आणि १९६४ पासून. आयटेक नावाच्या कार्यक्रमातून दुसऱ्या देशांतले अधिकारी आपल्याकडे प्रशिक्षणाला येतात. सुशासनाच्या राष्ट्रीय केंद्रात बांगलादेश आणि मालदीवचे अधिकारी मोठ्या संख्येने शिकून गेले आहेत. घेणाऱ्याच्या रांगेत उभे राहिलेले आपण देणाऱ्याच्या खुर्चीवर बसलो आहोत, तेव्हा आपल्याला जे बोचलं ते त्यांना बोचू नये एवढं बघायला हवं.

मी साधा नागरिक. या कर्जाचं पुढे काय झालं हे मला विचारता येतं का?

येतं. जागतिक बँकेच्या २०१० च्या धोरणानुसार प्रकल्पाची बहुतेक कागदपत्रं संकेतस्थळावर असतात: करार, निकालांचे निर्देशांक, प्रगती अहवाल. राज्याकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करा. प्रकल्पामुळे नुकसान झालं असेल तर बँकेचं तपासणी पॅनेल आहे. एमयूटीपीमध्ये पुनर्वसनाच्या तक्रारी मुंबईकरांनी तिथपर्यंत नेल्या, आणि २००६ मध्ये बँकेने काही महिने पैसे रोखून धरले होते.

स्वतःच्या कामासाठी मात्र इतकं लांब जाऊ नका. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ वापरा. सेवा अधिसूचित, म्हणजे या कायद्याखाली जाहीर केलेल्या यादीत, आहे का बघा, अर्ज दिला की क्रमांक असलेली पोच घ्या, मुदत संपली किंवा अर्ज नाकारला तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. मग दुसरं, मग सेवा हक्क आयोग. पुरेशा कारणाशिवाय सेवा न देणाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. पोच मागायला संकोचू नका. मी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले आहे. जो पोच मागतो त्याचा कागद वर राहतो.

मॅडम, मी लागले तर पहिल्या आठवड्यात काय करू?

हे गेल्या महिन्यात कळव्याच्या एका मुलीने विचारलं. तिची लिपिकपदाची मुख्य परीक्षा झाली आहे. मी तिला म्हटलं, पहिल्या दिवशी प्रशिक्षणाची लिंक येईल, ती कर. दुसऱ्या दिवशी आधीच्या माणसाकडून यादीनुसार कार्यभार घे, यादीशिवाय चावी घेऊ नकोस. तिसऱ्या दिवशी कपाट रिकामं कर, जमिनीवर सतरंजी घाल आणि सगळे कागद सहा गठ्ठ्यांत लाव. जो अर्ज सर्वांत जुना निघेल त्यावरचा फोन नंबर बघ आणि त्या माणसाला फोन कर. तिने वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "आणि नंबर नसेल तर?"

पत्ता असेल, म्हटलं. पोस्टकार्ड टाक.